पणजीत फोंतेन्हासच्या जुन्या घरातल्या हॉटेलात राहायचं असेल तर: बेळगावातनं निघण्यापासून परत येईपर्यंत

बेळगावात टिळकवाडीत मी मुलांना ड्रॉइंग शिकवते. डिसेंबर जवळ आला की पालकांचे फोन सुरू होतात, टीचर पणजीला प्रदर्शन बघायला जाणार आहोत, ते फोंतेन्हासच्या जुन्या रंगीत घरांच्या गल्लीत हॉटेलं आहेत की, त्यातलं चांगलं कुठलं सांगा. मी आजवर तिथल्या तीन हॉटेलांत राहून आलेय, एकदा एकटी, एकदा आईला घेऊन आणि एकदा मुलंबाळं सगळी मिळून, आणि तिन्ही वेळचा अनुभव एवढा वेगळा होता की आता मी सगळ्यांना एकच सांगते, हॉटेल कुठलं ते नंतर, आधी खोली कुठली ते विचारा.

हे का, ते आधी सांगते. कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतंय. आपल्याकडं कॉलेज रोडला किंवा हायवेला जी हॉटेलं आहेत ती हॉटेल म्हणूनच बांधलेली आहेत, दुसऱ्या मजल्यावरची २०५ आणि २०६ नंबरची खोली यात काही फरक नसतो. फोंतेन्हासमधलं बुटीक हॉटेल, म्हणजे मोजक्या खोल्यांचं कलात्मक हॉटेल, हे कुणाचं तरी राहतं घर होतं. पोर्तुगीज व्हाइसरॉय १७५९ मध्ये जुनं गोवं सोडून पणजीला आला, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, त्या काळात आल्तिनो टेकडी आणि खाडीच्या मधल्या पट्ट्यात ही घरं दाटीनं उभी राहिली. चिऱ्याच्या जाड भिंती, मंगळुरी कौलं, शिंपल्यांची तावदानं लावलेल्या खिडक्या, वरच्या मजल्याला लाकडी तक्तपोशी. आता त्याच घराचं हॉटेल केलं म्हटल्यावर कुणाची बैठकीची खोली तुमची बेडरूम होते, कुणाचं कोठार दुसऱ्याची बेडरूम होते. एकाला रस्त्याकडची उंच बाल्कनी मिळते आणि त्याच दिवशी दुसऱ्याला मागच्या चौकात उघडणारी एकच खिडकी. दर मात्र कधीकधी दोघांना सारखाच! म्हणून खोली.

कधी जायचं

चित्रं बघायला जायचं असेल तर डिसेंबर. सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल २०१६ पासून डिसेंबरात पणजीत होतोय, शहरभर वेगवेगळ्या इमारतींत चित्रं, नाटक, संगीत, खाणं असं सगळं चालू असतं आणि फोंतेन्हासमध्ये राहिलात तर बरंच काही चालत जाऊन बघता येतं. पण त्याच महिन्यात ८ तारखेला मोठ्या पांढऱ्या चर्चचं फेस्त, मग नाताळ, मग थर्टी फर्स्ट, त्यामुळे खोल्या लवकर जातात, दर चढतात. दोन-तीन महिने आधी बुकिंग केलेलं बरं. नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव असतो, फिल्मवाली माणसं येतात. फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला कार्निव्हलच्या शनिवारी पणजीत मिरवणूक असते, त्या दिवशी गाडी घेऊन आत शिरायचं मनातसुद्धा आणू नका.

मला स्वतःला जास्त आवडतो तो ऑक्टोबरचा शेवट किंवा जानेवारीतले सोमवार ते गुरुवार. पाऊस संपल्यावर बऱ्याच घरांना नवा रंग दिलेला असतो, पिवळा, निळा, गेरूसारखा लाल, आणि पोर्तुगीजांच्या काळापासनंच दरवर्षी पावसानंतर घर रंगवायची पद्धत तिथं आहे. भिंती ताज्या दिसतात, गर्दी कमी असते, दर आटोक्यात. पावसाळ्यात सगळ्यात स्वस्त मिळतं, पण जुन्या घरात ओल धरते, गाद्यांना कुबट वास येऊ शकतो, म्हणून जून ते सप्टेंबर जाणार असाल तर हॉटेलचे रिव्ह्यू वाचताना जुलै-ऑगस्टमध्ये राहिलेल्या लोकांनी काय लिहिलंय तेवढंच बघा, डिसेंबरच्या कौतुकाचा काही उपयोग नाही.

फोन करायचाच

ॲपवर बघा, दर बघा, लोकांनी काढलेले फोटो बघा (हॉटेलनं टाकलेले फोटो रुंद लेन्सनं काढलेले असतात, त्यात दहा बाय दहाची खोली हॉलसारखी दिसते), पण बुक करायच्या आधी थेट हॉटेलला फोन करा. दहा-पंधरा खोल्यांचं हॉटेल असतंय, फोन उचलणाऱ्या माणसाला प्रत्येक खोली पाठ असते. मराठीत बोला, चालतं. काही ठिकाणी रिसेप्शनला धारवाड-हुबळीकडची पोरं असतात, मग कन्नडमध्ये बोललात की ती जास्तच मोकळेपणी सांगतात.

काय विचारायचं? पहिलं, खोली कुठल्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे का. मी आईला घेऊन गेले तेव्हा हेच विचारलं नव्हतं. फोटोत तो लाकडी जिना इतका सुंदर दिसत होता की त्यावर चढायचं आहे हे डोक्यातच आलं नाही, आणि आईचे गुडघे दुखरे. उभा चढ, कठडा एकाच बाजूला. दिवसातनं दोनदाच ती खाली उतरली आणि बाकी वेळ खोलीत बसून राहिली, मला अजून त्याचं वाईट वाटतं. जुन्या घरांत लिफ्ट बसवायला जागाच नसते, त्यात हॉटेलवाल्याची चूक नाही, विचारायला मी हवं होतं. घरात कुणी ज्येष्ठ असेल तर तळमजल्याची खोली मागा आणि बाथरूमला पायरी आहे का तेपण विचारा, कारण जुन्या खोलीत बाथरूम नंतर काढलेलं असतं आणि पाइप न्यायला त्याची जमीन चार-सहा इंच वर उचललेली असते. रात्री अंधारात तिथंच पाय अडकतो.

दुसरं, खिडकी कुठं उघडते. रस्त्याकडची खोली देखणी असते, बाल्कनी असते, पण '३१ जानेवारी' नावाचा रस्ता आणि खाडीकडचा रस्ता दोन्हीकडं रात्री उशिरापर्यंत दुचाक्या चालू असतात, शिवाय मांडवीतल्या कॅसिनोंमुळे शहरात रात्रभर माणसांची ये-जा असते. शिंपल्याच्या किंवा लाकडी झडपांच्या खिडकीला आवाज अडत नाही. झोप सावध असेल, लहान बाळ असेल तर मागच्या चौकाकडची खोली घ्या, आणि बाल्कनीच हवी असेल तर कानात घालायला कापूस घेऊन ती जरूर घ्या, सकाळी साडेसहाला पोदेर सायकलवरनं भोंगा वाजवत पाव विकायला येतो ते त्या बाल्कनीतनं बघण्यासारखं आहे.

तिसरं जरा अवघड आहे पण विचारा. हल्ली अशा कलात्मक हॉटेलांत खोली आणि बाथरूमच्या मध्ये काचेची भिंत ठेवायची फॅशन आहे. नवराबायको दोघंच असतील तर ठीक, पण आई-मुलगा, बाप-लेक, दोन मैत्रिणी अशा खोलीत गेलात तर फार अडचण होते. पडदा आहे का, दार नीट बंद होतंय का, सरळ विचारा, त्यांना याची सवय असते.

बाकी भराभर: वीज गेली तर एसी चालतो की नुसता पंखा, गरम पाणी चोवीस तास की ठरावीक वेळी, एक्स्ट्रा बेड खरा पलंग की जमिनीवर गादी, मुलांना परवानगी आहे का (काही हॉटेलं बारा वर्षांखालची मुलं घेत नाहीत), नाश्ता दरात धरलाय का, शाकाहारी असाल तर नाश्त्याला अंड्याशिवाय काय. मग ज्या खोलीबद्दल बोलणं झालं तिचं नाव किंवा नंबर विचारून घ्या, या हॉटेलांत खोल्यांना झाडांची, माणसांची नावं असतात, आणि व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाका की अमुक खोली अमुक तारखेला ठरली. तोंडी ठरलेली खोली गर्दीच्या दिवशी बदलते. लेखी असली की बदलत नाही.

पैसे

ॲपवर दिसणारा दर आणि शेवटचं बिल यात फरक पडतो तो करामुळे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के लागतो, आधी १२ होता. ७,५०० च्या वर गेलं की १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली ३७० रुपये कर धरून ७,७७० ला पडते, आणि ७,६०० ची खोली १,३६८ रुपये कर धरून ८,९६८ ला. दोनशे रुपयांच्या फरकाला बाराशे रुपये! दर ७,५०० च्या आसपास असेल तर फोनवर मोकळेपणानं सांगा की थोडं खाली आणा, आठवड्याच्या मधल्या दिवसांत बहुतेक आणतात.

जेवणाच्या बिलात सर्व्हिस चार्ज लावलेला दिसला तर तो द्यायलाच हवा असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की हॉटेल किंवा रेस्टॉरंटला तो आपोआप बिलात घालता येत नाही, मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानंही तेच उचलून धरलं. शांतपणे काढायला सांगा, आणि ज्या पोरानं चांगली सेवा केली त्याच्या हातात टीप द्या, ती त्याला मिळते तरी.

थेट हॉटेलकडनं बुक केलं तर ॲपच्या दराला किंवा थोडं कमी मिळतं, कारण ॲपचं कमिशन वाचतं. पण कॅन्सल केल्यावर पैसे परत कधीपर्यंत मिळणार ते मात्र लिहून घ्या, तारीख टाकून.

जायचं कसं

बेळगावातनं चोर्ल्यामार्गे गाडीनं साधारण तीन तास, बसनं साडेतीन-चार. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी असा रस्ता. पावसाळ्यात निघायच्या आधी घाट चालू आहे का ते बघा, दरड आणि धुकं दोन्ही असतं, नसेल तर खानापूर-रामनगर-अनमोडवरनं मोलेला उतरून फोंड्यामार्गे. रेल्वेनं जायचा विचार असेल तर पणजीला स्टेशन नाही, आपल्या गाड्या लोंढ्यावरनं मडगाव-वास्कोकडं जातात, तिथनं पुन्हा बस, म्हणजे बॅगा घेऊन दुप्पट दगदग.

खरं सांगायचं तर फोंतेन्हाससाठी बसच बरी. आपल्या वायव्य परिवहनच्या आणि गोव्याच्या कदंबच्या दोन्ही गाड्या आहेत, पणजीचं कदंब स्टँड पाटो नावाच्या भागात आहे आणि तिथनं खाडी ओलांडली की फोंतेन्हास, सामान कमी असेल तर पंधरा मिनिटांची चाल. गाडी नेलीत तर ती ठेवणार कुठं? गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की आपल्या गणपत गल्लीची आठवण येईल, हॉटेलांना स्वतःचं पार्किंग क्वचितच असतं. पाटोला बहुमजली पार्किंग आहे, तिथं गाडी लावायची आणि परत निघतानाच काढायची, दोन दिवस तिला हात लावायचा नाही. हॉटेलच्या दारात बॅगा उतरवायला पाच मिनिटं थांबता येईल का ते आधी विचारून ठेवा म्हणजे मागचे हॉर्न वाजवत नाहीत.

सकाळी सातला निघून दहाला पोचलात तरी खोली दुपारी एक-दोनच्या आधी मिळत नाही, हे मुलांना आधीच समजावून सांगा. बॅगा रिसेप्शनला ठेवून बाजारात भाजी-पाव खायला जायचं.

पहिला अर्धा तास

ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं लागतं. पॅन कार्डवर पत्ता नसतो म्हणून ते घेत नाहीत. आधार देणार असाल तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, यूआयडीएआयच्या साइटवरनं डाउनलोड होतं. बेळगावात बसूनच काढून ठेवा, तिथं ओटीपीची वाट बघत उभं राहायला लागू नये.

खोलीत गेल्यावर बॅगा उघडायच्या आधी गरम पाणी सोडून बघा, एसी लावा, खिडकीची कडी बसते का बघा, गादीच्या कडा उचलून बघा, भिंतीला ओल असेल तर हात लावून बघा. काही खटकलं तर लगेच सांगा, दुपारी दोनला दुसरी खोली मिळू शकते, रात्री दहाला नाही मिळत. आणि एखादी खुर्ची आधीच डगमगते, आरशाला आधीच तडा आहे असं दिसलं तर फोटो काढून रिसेप्शनला दाखवून ठेवा, जुनं सामान आहे, जाताना बोलणं नको.

चित्रांच्या संगतीत राहायचं म्हणजे

इथं मला जरा थांबायचंय. या हॉटेलांच्या भिंतींवर जी चित्रं असतात ती बहुतेक वेळा खरी असतात, छापील नव्हेत. आणि ती तुमच्या उशाशी असतात. गॅलरीत आपण एका चित्रापुढं फार तर दोन मिनिटं उभे राहतो, इथं एकच चित्र रात्रीच्या दिव्यात, पहाटेच्या उजेडात, दुपारी झडपेतनं तिरपं ऊन आल्यावर असं दोन दिवस बघता येतं. मी गेल्या खेपेला पलंगासमोरच्या एका छोट्या जलरंगातल्या होडीची सावली सकाळी जांभळी आणि संध्याकाळी जवळजवळ काळी दिसते हे पाहिलं आणि परत आल्यावर वर्गात मुलांना सावलीत काळा रंग घालू नका हे सांगताना तेच उदाहरण दिलं. के. बी. कुलकर्णींसारखे चित्रकलेचे शिक्षक ज्या गावाला लाभले त्या गावच्या मुलांनी अशा ठिकाणी एक रात्र तरी राहावं असं मला मनापासून वाटतं.

मुलांना हात लावू देऊ नका एवढं पुरेसं नाही, का लावायचा नाही ते सांगा. बोटाचं तेल कागदाला लागलं की निघत नाही. ओले टॉवेल लाकडी खुर्चीवर नकोत, पॉलिश पांढरं पडतं, बाथरूममध्येच वाळत घाला. चाकांची बॅग जुन्या फरशीवरनं आणि लाकडी तक्तपोशीवरनं ओढू नका, उचला, खालच्या खोलीतल्या माणसाला ती डोक्यावरनं ओढल्यासारखी ऐकू येते. मच्छर अगरबत्ती चित्राच्या खाली लावू नका. फ्लॅश मारून फोटो नको.

संध्याकाळी रिसेप्शनला विचारा, ही चित्रं कुणाची. मालक असले तर अर्धा तास बोलतात, घर कुणाचं होतं, पायरीवरची फरशी कुठनं आली, दाराशेजारच्या निळ्या-पांढऱ्या टाइल कोणी रंगवल्या. या टाइलना आझुलेजो म्हणतात, गल्लीत घरांची नावं त्यावरच लिहिलेली आहेत.

एखादं चित्र फारच आवडलं तर विकाऊ आहे का विचारा, पुष्कळदा असतं. बिल घ्या, त्यावर चित्रकाराचं नाव, वर्ष, माध्यम, मोजमाप लिहून घ्या. कॅनव्हास गुंडाळून न्यायचा असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळायचा, आत नव्हे. आत ठेवली तर रंग दाबला जाऊन चुण्या पडतात, नंतर तिथनंच तडकतो. वर बटर पेपर आणि मग पुठ्ठ्याची किंवा पीव्हीसीची जाड नळी. गुंडाळी जितकी सैल तितकी बरी, आणि घरी पोचल्या पोचल्या उघडायची, महिनाभर नळीत ठेवायची नाही. टाइल घेतल्या तर एकेक टाइल वेगळी वर्तमानपत्रात बांधून उभ्या ठेवा, आडव्या एकावर एक ठेवल्या तर घाटातल्या खड्ड्यांत खालची फुटते.

गल्ली राहत्या माणसांची आहे

फोंतेन्हासमध्ये फोटो काढणाऱ्यांची एवढी गर्दी झालीय की लोकांनी घरांवर 'फोटो काढू नका' अशा पाट्या लावल्यात. पाटी नसली तरी कुणाच्या पायरीवर बसून, दारात हात टेकून फोटो नको. आपण शहापुरात आपल्या अंगणात कुणी अनोळखी माणूस साडी नीट करत उभा राहिला तर काय म्हणू? तसंच आहे. सकाळी साडेसहा ते आठ या वेळेत कॅमेरा घेऊन निघा, ऊन तिरपं असतं, गाड्या नसतात, आणि कुणी म्हातारी झाडलोट करत असेल तर आधी कोकणीत 'देव बरो दीस दिवं' (देव चांगला दिवस देवो) म्हणा, मग ती स्वतःच दोन गोष्टी सांगते.

त्याच फेरीत सेंट सेबास्टियनचं छोटं पांढरं चॅपेल बघा. आतला क्रूसावरचा येशू डोळे उघडे असलेला आहे, तो आधी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता असं सांगतात. तिथनं मळा नावाच्या भागाकडं गेलात की टेकडीवर मारुतीचं देऊळ, वर चढून गेलं की सगळी कौलं खाली पसरलेली दिसतात. आल्तिनोवरच सुनापरांत कला केंद्र आहे, जुन्या घरातच, वेळा फोन करून विचारून जा. रविवारी पणजीतली बरीच दुकानं बंद असतात, म्हणून खरेदी शनिवारी उरका आणि रविवार चालण्यासाठी ठेवा.

रात्री दहानंतर बाल्कनीत बसून मोठ्यानं बोलू नका, समोरच्या घराची खिडकी आठ-दहा फुटांवर असते. आम्ही सगळी मिळून गेलो होतो तेव्हा भावानं पहिल्या रात्री गाणी लावली आणि समोरच्या आजोबांनी काही न बोलता नुसती झडप ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घरनं नेलेल्या कुंद्याचा (आपली बेळगावची मिठाई) डबा घेऊन माफी मागायला गेलो. त्यांनी चहा दिला.

निघताना

चेकआउट सकाळी अकरा-बाराला असतो, पण बॅगा ठेवून घेतात, म्हणून परतीची बस दुपारी चारच्या आसपासची धरा म्हणजे जेवण करून निघता येतं आणि उजेडात घाट चढतो. बिल आदल्या रात्रीच मागून वाचा, सकाळी सगळे एकदम रिसेप्शनला येतात. चार्जर, मुलांचे रंग, उशीखाली काढून ठेवलेली अंगठी, बघून घ्या. गाडीत गोव्याची बाटली नको, कणकुंबीला तपासणी असते आणि विनापरवाना सापडली तर तास दोन तास तिथंच जातात. चित्राची नळी बसच्या डिकीत देऊ नका, डिकीत दुसऱ्यांचे जड डाग वर येतात. खिडकीजवळच्या सीटला उभी टेकवून ठेवा आणि जांबोटीच्या वळणांवर तिला एक हात लावून बसा.